मिठाच्या गाडीतली हातभर जागा

नैरोबीहून आलेलं तुमचं पत्र काल तीनदा वाचलं. थोरल्याने लिहिलंय की दुकानासाठी मोटार घेतली आहे. पुढे दोघांना बसायला जागा आणि मागे नुसती उघडी पेटी. पहिल्याच खेपेला साखरेचं पोतं धुळीने लाल झालं, तेलाचे डबे एकमेकांवर आपटून चेपले, आणि वर टाकलेलं कापड वाऱ्याने उडून एका काटेरी झाडावर जाऊन बसलं. खाली धाकटीने बारीक अक्षरात लिहिलंय, "आजी, तू हसू नकोस."

मी हसले नाही. उघड्या पेटीत माल कसा लावायचा आणि त्यावर काय घालायचं हे मला कळतं. तुम्ही मला पुस्तकं आणि किल्ल्या यांच्यातच पाहिलंत, म्हणून तुम्हाला नवल वाटेल. हे मी शाळेत शिकले नाही. पण हे जमलं नसतं तर मी शाळेतच गेले नसते. म्हणून आता सगळं नीट, क्रमाने लिहिते.

एकोणिसावं शतक संपायला तेव्हा दहाएक वर्षं उरली होती आणि मला दहावं लागलं होतं. कल्याणात वडिलांचं किराणा मालाचं दुकान होतं. त्यांचा हात म्हणजे तराजू होता. हातात धरलेली खोबऱ्याची वाटी किती भरेल, हे ते वजन न करता सांगत, आणि मग वजन करून गिऱ्हाइकाला दाखवत. डोंबिवली, शिळ, मुंब्रा, कळवा आणि ठाणे इथल्या लहान दुकानदारांना ते माल पुरवत. डोंबिवली तेव्हा शेतं आणि थोडी घरं, एवढीच होती. तांदळाच्या गोणी, गूळ, गोडं तेल, मातीची मडकी, धोतरजोड्यांचे गठ्ठे असा रोजच्या गरजेचा माल दर रविवारी सकाळी बैलगाडीने निघे आणि दुपार कलेपर्यंत शेवटचा नग ठाण्याला पोचे.

गाडी आमची नव्हती. ती डोंबिवलीजवळच्या एका गावातल्या म्हाताऱ्या गाडीवानाची होती. त्यांच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली. मी त्यांना काका म्हणत असे. आठवडाभर ते ठाण्याच्या बाजूला भाडी करत आणि शनिवारी परत येताना कळव्याहून मीठ भरत. मिठावर सुक्या मासळीच्या टोपल्या. संध्याकाळी मीठ आमच्या दुकानात उतरे, मासळी त्यांच्या गिऱ्हाइकांकडे जाई.

ठाण्याला माझा मामा राहत असे आणि तिथे दोन मडमा मुलींना इंग्रजी शिकवत. मामाने वडिलांना पत्र लिहिलं की पोर हुशार आहे, आठवडाभर माझ्याकडे राहील, तुम्ही फक्त पोचवा. तुम्ही म्हणाल, आगगाडी होती की. होती. पण मुलीला एकटीला तिच्यात बसवण्याची कल्पनाच आमच्या घरात कुणाला सहन झाली नसती, आणि दर आठवड्याला दुकान सोडून माझ्याबरोबर जायला वडिलांना सवड नव्हती. काकांची गाडी जातच होती. तेव्हा रविवारी जायचं, शनिवारी परतायचं, असं ठरलं. वडील एवढंच म्हणाले, "मालाला धक्का लागता कामा नये. माल आधी, तू नंतर."

पहिल्या तीन-चार खेपा मी तांदळाच्या गोणींवर बसून गेले. डोक्यावर ऊन, तोंडात धूळ. मला काही वाटत नसे. आईला मात्र वाटे. आई घाटावरची. आमच्या घरात मासळी चालत नव्हती, आणि शनिवारी मी घरी आले की ती मला दारातच थांबवून आधी माझ्या परकराचा वास घेई.

एका शनिवारी संध्याकाळी माल उतरवून काका अंगणात पाणी पीत होते. आई दाराआड उभी राहिली. परक्या पुरुषाशी ती समोरासमोर बोलत नसे, म्हणून मला मध्ये घेतलं.

"त्यांना विचार, आज गाडीत काय होतं."

काका चार पावलांवर होते, त्यांना सगळं ऐकू आलं होतं. तरी ते मलाच म्हणाले, "आयशीला सांग, मीठ व्हतं."

"आणि मिठावर?"

"मिठावर सुके बोंबील."

"मग त्यांना सांग, माझी मुलगी बोंबलांवर बसून इंग्रजी शिकायला जाणार नाही."

"आयशीला सांग, बोंबील गेले. आता निस्ता वास हाय. वासाला काय काटे नसतात."

आईला हसू आलं असावं, कारण ती एकदम आत गेली. पण ती गप्प बसणारी नव्हती. घराची जमीन अस्वच्छ झाली तर काय करायचं हे तिला ठाऊक होतं, आणि गाडीचा साटा, म्हणजे माल ठेवायच्या फळ्या, ही तिच्या लेखी जमीनच होती. बैल सोडून काका ओळखीच्यांकडे वस्तीला गेले, तशी तिने शेणाचा गोळा कालवला आणि अख्खा साटा सारवून काढला. कडेला चार बोटं रांगोळीही ओढली. सकाळी काका आले आणि गाडीकडे बघत उभे राहिले.

"बाय," ते मला म्हणाले, "गाडीचं लगीन हाय काय आज?"

सारवण वरून कोरडं दिसत होतं. त्यांनी बोट लावून पाहिलं, तोंड वाकडं केलं, पण आईचं मन मोडायला ते धजले नाहीत. त्यावरच माल चढला. आईची चूक घाटावरच्या माणसाची होती. घाटावर लाकूड सुकतं. वर्षानुवर्षं मीठ वाहिलेलं लाकूड कधीच सुकत नाही. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि त्यावरचं सारवण वरून खपलीसारखं वाळलं तरी आत ओलंच राहतं. डोंबिवली येईपर्यंत खपल्या उडू लागल्या. गोणींच्या भाराखालून हिरवं पाणी सुटलं. मुंब्र्याच्या दुकानदाराने धोतरजोड्यांचा गठ्ठा सोडला, एक धोतर उलगडून धरलं आणि काकांना विचारलं, "हे नेसायचं की अंगणात अंथरायचं?"

गठ्ठा परत आला. त्याच्याबरोबर असला माल पुन्हा नको, असा निरोपही आला.

शनिवारी वडिलांनी तो गठ्ठा दुकानाच्या ओट्यावर उलगडला. ओट्यावर नेहमीची चार माणसं बसलेली होती. त्यातल्या एकाने, सहज म्हणून, म्हटलं, "मुलीची शाळा महागात पडली म्हणायची." वडील रागीट नव्हते, पण चारचौघांत कमीपणा आलेला त्यांना खपत नसे. ते म्हणाले, "शाळा बंद. उद्यापासून गाडीत फक्त माल जाईल."

आई दाराआड होती. चूक आपली आहे हे ती आत बोलली असती, बाहेर येऊन बोलणं शक्य नव्हतं. मी पाटी दप्तरात घातली, दप्तर फडताळावर ठेवलं. तो रविवार मी घरी काढला. मला आठवतं ते एवढंच की गाडी निघाल्याचा आवाज ऐकताना मी तांदूळ निवडत होते आणि निवडलेले खडे परत तांदळात टाकत होते.

पुढच्या शनिवारी काका नेहमीपेक्षा लवकर आले. मासळी त्यांनी गाडीत आणलीच नव्हती. दोरीच्या जाळीत बांधून साट्याखाली, आसाला लटकवली होती. वास खालून येत होता, वर नव्हता. त्यांनी मला हाक मारली. "आयशीला विचार, जुनी लुगडी हायत का."

"त्यांना विचार, कशाला," आई दाराआडून म्हणाली. पण तोवर ती लुगडी काढायला वळलीही होती.

त्या संध्याकाळी अंगणात जे काम चाललं ते मला अजून पायरीपायरीने दिसतं. काकांनी साट्याच्या फळ्या सोडवून तळ्यावर नेल्या, गोड्या पाण्याने तीनदा धुतल्या आणि पालथ्या घातल्या. मग बांबूच्या कामट्यांच्या विणलेल्या दोन चटया त्यांनी बाहेर काढल्या. एक जायची, एक यायची. जायच्या चटईवर किराणा माल, यायच्या चटईवर मीठ, आणि जिचं काम नसेल ती गुंडाळून कडेला. लाकडाची ओल मालापर्यंत पोचू नये म्हणून चटईखाली बोटभर जाडीचा पेंढा. साट्याच्या दोन्ही कडांना त्यांनी वाकवलेल्या कामट्यांच्या चार कमानी रोवल्या. आई ओसरीत बसून तीन लुगडी एकावर एक ठेवून शिवत होती. शिवून झाल्यावर तिने मेण आणि गोडं तेल एकत्र कढवलं आणि कापडाला गरम गरम चोळलं. हात भाजले असणार.

मध्येच काका म्हणाले, "आयशीला सांग, कापडाचे टोकाला बंद लाव, निस्ती दोरी गुंडाळली का वारा आत शिरतो."

"त्यांना सांग, मला शिवण शिकवू नका," आई म्हणाली आणि बंद लावायला घेतले. दर वीतभर अंतरावर एक. थोरल्या, तुझं कापड झाडावर का गेलं ते तुला आता कळलं असेल.

मी दिवा धरून उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही, पण मडकी कुठे ठेवायची यावर दोघांचं अडलं तेव्हा मी म्हटलं, "कमानीला शिंकाळी बांधली तर?" घरात दूधदही शिंकाळ्यात टांगतो, तसंच. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही पोर फुकट घरात बसली." मोठी मडकी पेंढ्याच्या चुंबळीवर, लहान शिंकाळ्यात. सगळं जागच्या जागी बसलं, तेव्हा मागच्या टोकाला, गूळ आणि कापडाचे गठ्ठे यांच्यामध्ये, हातभर जागा उरली. की त्यांनी ती उरवली होती, कोण जाणे. आईने तिथे एक जुनी गोधडी चौघडी करून ठेवली.

वडील त्या वेळी पेठेत गेले होते, ते रात्री अंधारात परतले. त्यांनी ते सगळं पाहिलं रविवारी सकाळी. गाडी दारात उभी, कापड ताणलेलं, बंद बांधलेले, आणि मी दप्तर पोटाशी धरून ओट्याच्या पायरीवर. ओट्यावरची माणसंही येऊन बसली होती.

"ही कुठे निघाली?" वडिलांनी विचारलं.

"शेट," काका म्हणाले, "मला पासंग पायजे."

पासंग तुम्हाला ठाऊक नसेल. तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला एक लहानसा दगड बांधतात, तो पासंग. गाडीचंही तसंच असतं. ती दोन चाकांवर तोललेली असते. मागे भार जास्त झाला तर पुढचं जू वर उचलतं आणि गाडी उलळते, पुढे जास्त झाला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं.

काका सांगत होते. "शिळला मागच्या चार गोणी उतरतात. मंग मागं हलकं. सगला भार बैलांचे मानेवर. मुंब्र्याची वाट खराब, डावा बैल म्हातारा. त्यानंच तर मागल्या वेलेस गचके बसले. मागं कायतरी पायजे."

"मग दगड ठेव."

"ठेवला असता. पन कलव्याला पुढचं तेल उतरलं का तोच भार पुढं पायजे. दगडाला सांगून तो सरकतो का, शेट? पोर सरकंल."

ओट्यावरचा एकजण हसला. "बघा हो, मुलीला मापात घातली."

वडील हसले नाहीत. खाली उतरले. गाडीभोवती फिरले. कापड बोटांनी चाचपलं, वाकून चटई पाहिली, खालची जाळी पाहिली. शिंकाळ्यातलं एक मडकं हलवून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं, गोणीकडे बघावं तसं, डोक्यापासून पायापर्यंत. मी श्वास धरून ठेवला होता. आपण जितक्या जड असू तितकं बरं, असं मला वाटत होतं.

"बस," ते म्हणाले. आणि ओट्याकडे वळून, "बैल म्हातारा आहे. काय करणार."

तेव्हापासून मी साडेतीन वर्षं पासंग होते. कापडाच्या आत उजेड लुगड्यांच्या रंगाचा येई, सकाळी हिरवा, ऊन चढलं की पिवळसर. मेणाचा, गुळाचा आणि जरासा खालून बोंबलांचा वास. मी मोठ्याने इंग्रजी धडे वाची, काका मान हलवत. एकदा त्यांनी विचारलं, "बैलाला कं म्हनतात तुजी मडम?" मी सांगितलं. त्यांनी तो शब्द डाव्या बैलाला म्हणून पाहिला. बैल चालला तसाच चालत राहिला. "याला नाय समजला," ते म्हणाले, "घाटावरचा हाय." आईला हे मी सांगितलं नाही.

शिळला गाडी थांबली की काका म्हणत, "बाय, विहिरीवर पानी पिऊन ये." मी पाणी पिऊन येई आणि मग मला हुकूम होई, "चल, मागं सरक. मागं." मी अगदी मागच्या फळीला पाठ लावून बसे, आणि खरंच गाडी हलकी चाले. कळव्याला तेल उतरलं की हाक येई, "पुढं." मी पुढे सरके. कुणी पाहुणा आला आणि विचारलं की मुलगी काय शिकते, तर मी आधी हेच सांगे, की माझ्यामुळे गाडीचा तोल राहतो. मालाला त्यानंतर एकदाही डाग लागला नाही.

तेराव्या वर्षी मडमेने आम्हांला तरफ शिकवली. फळ्यावर आडवी दांडी, मध्ये टेकू, दोन टोकांना दोन वजनं. टेकूपासून जितकं लांब तितकं वजन जास्त काम करतं, पण त्यालाही गणित आहे. तिने उदाहरण विचारलं, आणि मी हात वर करून बैलगाडी सांगितली. ती खूश झाली आणि म्हणाली, घरी मांडून आण. मी मामाच्या ओसरीत बसून मांडलं. चार गोणी. चाकापासून त्यांचं अंतर. माझं वजन. मी अर्ध्या गोणीएवढीही नव्हते. चार गोणींची जागा भरून काढायची तर मी किती मागे बसायला हवं होतं ते काढलं, आणि उत्तर साट्याच्या बाहेर, रस्त्याच्याही बाहेर, कुठल्या तरी शेतात आलं. चुकलं म्हणून पुन्हा मांडलं. पुन्हा शेतातच.

मी ते गणित मडमेला दाखवलं नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं.

रविवारी शिळला गाडी थांबली. काका म्हणाले, "बाय, पानी पिऊन ये." मी निघाले आणि विहिरीच्या आडोशाला थांबून मागे पाहिलं. ते साट्यावर चढले होते. पुढच्या दोन गोणी एकेक करून, कमरेला हात देत देत, मागे ओढत होते. साठी उलटलेला माणूस. ओढून झाल्यावर त्यांनी माझी गोधडी झटकली, तिची घडी नीट केली आणि त्या गोणींच्या मागे अंथरली. साडेतीन वर्षं, आठवड्यातून एकदा, मी पाणी पिईपर्यंत.

मला रडू आलं आणि रागही आला. राग त्यांचा नव्हता. आपण इतकी वर्षं पाहुण्यांना जे सांगत आलो त्याचा होता.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "पानी पिऊन ये." मी म्हटलं, "तहान नाही." आणि साट्यावर चढून गोणीचा एक कोपरा धरला. काकांनी दुसरा कोपरा धरला. दोन्ही गोणी ओढून झाल्या. मी माझ्या जागी, मागच्या फळीला पाठ लावून बसले.

"मागं सरकलीस का?" पुढून विचारणा झाली.

"सरकले," मी म्हटलं.

गाडी चालू लागली. शाळा पुरी होईपर्यंत मी तिथेच बसत राहिले.

काका गेले तेव्हा मी सासरी होते. पुढे बऱ्याच वर्षांनी, तुमचा बाप माझ्या मांडीवर होता तेव्हा, मी माहेरी गेले. वडील म्हातारे झाले होते, दुकान भावाने घेतलं होतं, ते नुसते ओट्यावर बसत. एका दुपारी मी त्यांना तरफेचं ते गणित सांगितलं. मला वाटलं त्यांना धक्का बसेल.

त्यांनी तुमच्या बापाला माझ्या मांडीवरून उचललं, हातावर जरा तोललं. "आठ शेर," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "अगं, त्या सकाळी तू किती भरत होतीस ते मला दिसत नव्हतं का?"

"मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"चारचौघांत शब्द टाकून बसलो होतो. तो उचलायला काहीतरी निमित्त लागतं. आठवडाभर मला ते सापडत नव्हतं. त्या माणसाने आणून दिलं."

मूल त्यांच्या हातावर पाय झाडत होतं. त्याच्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "दगडाचं काय म्हणाला होता गं तो?"

"सांगून सरकत नाही, म्हणाले होते."

"हां," वडील म्हणाले, आणि मूल माझ्याकडे परत दिलं.